ओ देणारी पेटी

१

माझं काम नावं पुकारायचं. पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून होतो मी. रोज सकाळी रजिस्टर उघडून एकसष्ट माणसांची हजेरी घ्यायची आणि संध्याकाळी सायकलवरून क्वार्टरवर येऊन हार्मोनियम काढायची, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. नावं पुकारून पुकारून गळा असा तयार झाला होता की मंडळाच्या गणपतीत मला माईक लागायचा नाही. माईक लागायचा तो कोरसला, आणि १९८६ साली आमच्याकडे कोरसच उरला नव्हता.

तीन बायकांचा कोरस होता आमचा. वसुंधराबाई नवऱ्याच्या रिटायरमेंटनंतर वर्ध्याला गेल्या. सत्यशीला लग्न होऊन जबलपूरला गेली. मनकर्णाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून अमरावतीला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. शेजारच्या दुर्ग शहरात पद्मनाभपूरचं मंडळ मात्र बारा बायका घेऊन उभं. त्यांचा पेटीवाला सूर्यकांत मला सिविक सेंटरच्या बाजारात दिसला, तर म्हणतो कसा, "काऊन चिंतामणी, या साली तुमी मुका गणपती बसवून राहिले म्हणते?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच तिरमिरीत समोरच्या हिरालालच्या दुकानात शिरलो. हिरालाल रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. म्हटलं, दोन स्पीकर तरी मोठे मागावे. तर काउंटरखाली चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक पडलेलं.

"ये क्या है?"

"प्लांट का रूसी साहब छोड़ गया, जाते टाइम," हिरालाल म्हणाला. "बोला, गाता है. मेरे पास तो गाया नहीं. ले जाओ भैया, गणपति भर बजाओ. यहाँ धूल ही खा रहा है."

चादर काढली. हार्मोनियमच्या दीडपट लांब कीबोर्ड, वर रंगीत बटणांची ओळ, बटणांखाली रशियन अक्षरं, आणि कोपऱ्यातून सापासारखा वाकणारा एक माईक. नुसतं बघूनच माझे हात शिवशिवायला लागले.

घरी बाहेरच्या खोलीत ती पेटी टेबलावर मांडली तेव्हा आमची ही, म्हणजे कमलिनी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, हे आणलं ते आणलं, आता जेवाच्या वक्ताले ताटं काय माझ्या डोक्यावर ठेवता?" पण तीही जवळच उभी राहिली. आमची मीनल, वय वर्षं सात, माझ्या मांडीवर.

पहिलं बटण दाबून सा धरला. 'आऽऽ' असा भला मोठा आवाज आला, नाताळात चर्चच्या दारात उभं राहिल्यासारखा. चांगला, पण गणपतीला परका. दुसऱ्या बटणाचा 'ऊऽऽ' ऐकून कमलिनी म्हणाली, "प्लांटच्या भोंग्याले सर्दी झाली काय?" आणि मग तिसरं बटण दाबलं. 'ओऽऽ'. माणसांचा आवाज. बायकांचा. लांबून, पण नक्की माणसांचा. मीनलनं चिकटपट्टीवर आ, ऊ, ओ लिहून तीन बटणांखाली डकवलं.

मग लाल बटण सापडलं. ते दाबून माईकमध्ये बोलायचं आणि पट्ट्या दाबायच्या, की आपलंच बोलणं पेटी सुरात म्हणते. मी म्हटलं, "वरणात मीठ कमी." पेटीनं चार गळ्यांतून, सा-ग-प-सा, म्हटलं, वरणात मीठ कमी! कमलिनी हसता हसता खालीच बसली. "आता तं मशीनपण माह्या मागं लागली," म्हणाली. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शेजारचा नरहरी काय झालं म्हणून बघायला आला.

२

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळपासून पेटीला चिकटलो. कार्यक्रमाला सहा दिवस होते आणि आवाज निवडायचे होते. 'ओ' पक्का होता, पण नुसता 'ओ' गोड आणि कोरा लागायचा, त्यात कोणी माणूस नव्हतं. म्हटलं, 'ओ' आणि लाल, दोन्ही बटणं एकदम दाबून बघू.

आता माईकमध्ये बोलायचं काय? अकरा वर्षं नावं घेतलेली जीभ. तोंडातून आपसूक निघालं, "वसुंधराबाई!"

पेटीनं ते नाव चार गळ्यांत म्हटलं. मी हात उचलले, पट्ट्या वर आल्या, आवाज थांबला. आणि मग, माझे दोन्ही हात मांडीवर असताना, स्पीकरमधून आलं, "ओऽ."

हाकेला ओ देतात ना, तशी ओ दिली कोणीतरी.

आणि ती वसुंधराबाईंचीच होती. बाईंची ओ नाकातून सुरू व्हायची आणि शेवटी जराशी वर चढायची, आले आले म्हटल्यासारखी. नऊ वर्षं ऐकली होती मी ती. हजार माणसांत ओळखली असती.

मी घाबरलो का? खरं सांगतो, नाही. मी आनंदानं उडीच मारली. मग अक्कल चालवली. म्हटलं, आवाज मागं रेंगाळत असेल, टेपमध्ये असतो तसा. "वांगी," म्हणून बघितलं. पेटीनं वांगी म्हटलं आणि गप्प. "सिविक सेंटर." गप्प. म्हणजे रेंगाळणं नव्हे. मग काय? 'बा' या अक्षरात काही असेल, असं मी स्वतःला समजावलं. माणसाला खूश राहायचं असलं की त्याला कोणतंही कारण चालतं.

त्याहून गंमत पुढं. नंतर नुसतं 'ओ' बटण दाबून पट्टी धरली, तर त्या कोऱ्या कोरसमध्ये आता वसुंधराबाई होत्या. थोड्या नाकात, थोड्या वरच्या अंगानं. कोरसला माणूस मिळालं होतं.

३

मग मी कशाला थांबतो? "सत्यशीला!" पातळ, लाजरी ओ आली. "मनकर्णाबाई!" घोगरी, तपकीर ओढलेली ओ आली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. दुपारपर्यंत माझा अख्खा कोरस त्या टेबलावर परत जमला होता, आणि कोणालाही रेल्वेचं तिकीट लागलं नव्हतं.

नरहरीला बोलावलं. तो माझ्याच डिपार्टमेंटचा आणि मंडळाचा तबलजी. त्यानं ऐकलं आणि त्याचे डोळे हे एवढे झाले. "लेका, मनकर्णाबाई तं आतमधी बसली आहे! माहं नाव घे ना बे. भरीले एक बाप्याचा आवाज पायजेच."

"नरहरी!" मी माईकमध्ये म्हटलं. पेटीनं म्हटलं. हात उचलले.

"ओ!" पानाचा तोबरा भरलेली, ठसकेबाज, त्याचीच. आम्ही दोघं गळ्यात गळे घालून खोलीभर नाचलो.

नाचता नाचता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती तेव्हा मी बोललो नाही. पेटीनं ओ दिली त्या क्षणी नरहरी माझ्या समोर होता. आपलं नाव पुकारल्यावर माणसाची मान थोडी तरी हलते. त्याची हलली नव्हती.

४

सोमवारी हजेरीत चौतिसावं नाव आलं. "नरहरी."

कोणी बोललं नाही. नरहरी माझ्यापासून पाच हातांवर हेल्मेटचा पट्टा लावत उभा.

"नरहरी!"

त्यानं वर बघितलं, मागं वळून इकडंतिकडं शोधलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "कोन हाय बे हा? कामावर येत नाही आन साहेबाले ओरडाले लावते."

सगळे हसले. मीही हसलो आणि हजर मांडलं. मस्करीत नरहरीचा हात कोणी धरणार नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. म्हटलं, ताणतो आहे लेकाचा.

बुधवारी संध्याकाळी त्याच्या तबल्याची पुडी बदलायला आम्ही सायकलींवर उतई गावाला निघालो. तो पुढं, कॅरियरला तबला बांधलेला. एका शेताच्या वाटेवरून रेतीचा ट्रक उलटा रस्त्यावर येत होता, सरळ त्याच्या अंगावर.

"नरहरी!" मी ओरडलो. एकसष्ट माणसांना पुकारणारा गळा माझा. "नरहरी! नरहरीऽ!"

तो आरामात पायडल मारत राहिला. तेवढ्यात बांधावरच्या कोणा शेतकऱ्यानं हाळी दिली, "ए भैया! हट!" आणि त्यासरशी नरहरी सायकलसकट बाजूच्या चिखलात गेला. ट्रक त्याच्या मागच्या चाकाला घासून थांबला.

मी जाऊन त्याला उठवला. तो माझ्यावरच भडकला. "मी मरून राहिलो होतो आन तू कोन्या दुसऱ्याच्याच नावानं बोंबलून राहिला होता! मले हाक नाही मारता येत तुले?"

त्याच्या डोळ्यांत मस्करी नव्हती. मी नीट बघितलं.

घरी आलो तर वसुंधराबाईंच्या नवऱ्याचं पत्र आलेलं. बाकी खुशाली होती, आणि खाली दोन ओळी: 'हिला रविवारपासून काय झाले कळत नाही. दवाखान्यात नंबर लागला, कंपाउंडरने नाव पुकारले, ही आपली बाकावर बसूनच. चार वेळा पुकारले. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत.'

बाईंना तिथं नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं, म्हणून उशिरा कळलं. नवरा 'अगं' म्हणणार आणि मुलं 'आई' म्हणणार.

५

शहाण्या माणसानं त्याच दिवशी पेटी परत केली असती. पण कार्यक्रम शनिवारी होता आणि पद्मनाभपूरवाले ऐकायला येणार होते. शिवाय, दवाखान्यात गर्दी असते, म्हाताऱ्या माणसाचं लक्ष नसतं. नरहरी पान खातो, पानात काय काय घालतात. अशी कारणं मी रात्रंदिवस जमवत होतो.

तरी एक नियम केला. आता पेटीपाशी कोणाचंही नाव घ्यायचं नाही. आणि घराची मला काळजी नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी बायकोला नावानं हाक मारलेली नाही. मी 'अगं' म्हणतो, ती 'अहो' म्हणते. आमच्या संसारात नावं निघतात ती फक्त हळदीकुंकवाच्या उखाण्यात. मीनलला मी बजावलं, पेटीसमोर कोणाचं नाव घेशील तर बघ. तिनं शहाण्यासारखी मान डोलावली.

आणि शनिवार! काय सांगू तुम्हाला शनिवारचं! मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पहिलं पद सुरू केलं, ध्रुपदावर 'ओ'चं बटण दाबलं, आणि तीन बायका आणि एक बाप्या असे काही उसळून आले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. वन्समोअर तीन वेळा. सूर्यकांत मध्येच उठून स्टेजमागं गेला आणि पडदे उचलून बायका शोधायला लागला. तो खाली मान घालून परत आला तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. जन्मात इतकं सुख मला कोणत्या गोष्टीनं दिलं नाही.

फक्त दोन पदांच्या मध्ये एकदा, मी घाम पुसत होतो, हात पट्ट्यांवर नव्हते. समोर टाळ्या. आणि स्पीकरमधून हळूच एक आवाज आला, चौघांनी मिळून श्वास आत घेतल्यासारखा. पुढचं पद म्हणायला गाणारे घेतात तसा.

मी लगेच पुढचं पद सुरू केलं.

६

सोमवारी मी कामावरून आलो तर मीनल फाटकापाशी उड्या मारत होती.

"पप्पा, सुनो ना! आमची आई पेटीत पण आहे! मी बोलावलं तर तिनं ओ दिली!"

सायकल तशीच सोडली मी. "कोणाचं नाव घेतलं तू?"

"कोणाचंच नाही. तुम्ही नको म्हटलं होतं ना." ती हिरमुसली. "मी फक्त आई म्हटलं."

तिच्या तोंडी ते नावच होतं की हो! जगात एकाच बाईचं, तिनं ठेवलेलं नाव. नावं पुकारण्यात जन्म गेला माझा आणि एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही.

कमलिनी ओट्याशी मेथी निवडत होती. मी मीनलला दारात उभं केलं. म्हटलं, "आईला हाक मार."

"आई!"

मेथीची काडी मोडली. दुसरी काडी उचलली.

"आई! ए आई!"

"अहो, आले काय तुमी?" कमलिनी माझ्याकडे बघून प्रसन्न हसली. "चहा मांडू?"

मीनलनं जाऊन तिचा पदर ओढला, तेव्हा तिनं तिला पोटाशी घेतलं, पापी घेतली. "काय गं माय? भूक लागली?" माया सगळी जागच्या जागी होती. फक्त हाक पोचत नव्हती. पोर गच्चीवरून पडली, तापात बरळली, रस्त्यावर गाडीसमोर आली आणि तोंडातून निघायचा तो एकच शब्द निघाला, तर ही बाई मेथी निवडत राहणार होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि भोगायचं मात्र पोरीनं.

रात्री जेवणं होईपर्यंत मी पेटीशी झटलो. 'आ' दाबून आई म्हटलं, 'ऊ' दाबून म्हटलं, उलटं म्हटलं, माफी मागितली. माझ्या हाकेला पेटी गप्पच राहिली. मग मीनलला म्हणायला लावलं. प्रत्येक वेळी ओ आली, कमलिनीची, भाकरी थापता थापता दिलेली, अर्धं लक्ष तव्यावर असलेली. आणि दर वेळी ती आधीपेक्षा स्पष्ट आली. पाचव्या वेळेला मी मीनलच्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, मी आपल्याच हातानं कमलिनीतून आणखी थोडं थोडं उपसतो आहे.

७

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी हिरालालला बोलावून आणलं. म्हटलं, घेऊन जा बाबा, आत्ता घेऊन जा. माझा हिशेब सोपा होता. पेटी घराबाहेर गेली की ज्याचं त्याला परत मिळेल. असं कोणी सांगितलं नव्हतं, पण धरायला दुसरं काही नव्हतं.

दुपारचे बारा वाजले होते. मी प्लग काढला, वायर गुंडाळली, माईक वेगळा केला, पेटी त्याच चादरीत घट्ट बांधली. एक टोक हिरालालनं धरलं, एक मी. आत कमलिनी पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज येत होता.

फाटक वाजलं. मीनल शाळेतून आली. घरात शिरताना ती हाक मारायची ती रोजचीच, सवयीची, आणि कालपासून मी तिला हे सगळं काय म्हणून सांगणार होतो?

"आई!"

आत लाटणं चालूच राहिलं.

"आईऽ!" आता आवाजात रडू होतं.

स्वयंपाकघरातून कमलिनी कावून म्हणाली, "अहो, हे लेकरू कोनाले हाक मारून राहिलं? काऊन कोनी ओ देत नाही तिले?"

आणि माझ्या हातांमध्ये, चादरीच्या आत, पट्ट्यांना कोणाचं बोट न लागता आणि वायर टेबलावर गुंडाळून पडलेली असताना, "ओऽ."

भाकरी थापता थापता दिलेली. 'ये, हात धू' असं पुढं म्हणणारी.

हिरालालनं टोक सोडलं. पेटी त्याच्या बाजूनं टेबलावर आदळली. "भैया," तो म्हणाला, "लाइन तो कटी है ना?" मी टेबलावरच्या वायरकडे मानेनं दाखवलं. तो पाठमोरा न होता, मागं मागं सरकत दारापर्यंत गेला.

"दिली बाई कोनीतरी," आत कमलिनी सुटकेनं म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

मीनलनं दप्तर टाकलं. ती माझ्या शेजारून धावत आली आणि तिनं त्या चादरीला मिठी मारली. गाल टेकवला. बाईंनी आज पाठ थोपटली, डब्यातला लाडू मैत्रिणीला दिला, असं सगळं रोजचं ती भराभर सांगायला लागली. मध्ये मध्ये थांबत होती, समोरून हुंकार यावा तशी, आणि मग पुढं सांगत होती. पोर इतकी निवांत काल रात्रीपासून मी बघितली नव्हती.

हिरालाल दारातून म्हणाला, "ले जाऊँ कि..."

ओ तिची त्यात होती. दुकानात काउंटरखाली, नाहीतर रायपूरच्या कोणा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पडली असती, आणि इथं माझी पोर हाका मारत राहिली असती.

"राहू दे," मी म्हटलं.

तो गेला. कमलिनी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. चादरीवर गाल ठेवून बोलत बसलेल्या मीनलकडे तिनं कौतुकानं बघितलं. मग माझ्याजवळ सरकून, पोरीच्या कानावर जाऊ नये अशा बेतानं, हळू आवाजात विचारलं, "कोनाची आई आहे हो त्यात?"